निळ्या नळीची खोली

१४ जानेवारी १९५३

सुनेच्या छातीचा फोटो आज मुंबईहून आला. डॉक्टर व्हिक्टरनी तो दवाखान्याच्या खिडकीशी उजेडात धरला आणि मला जवळ बोलावलं. उजव्या बाजूला, वर, एक पांढुरका ढग. खरं लिहायचं तर क्षणभर मला तो सुंदर वाटला. माणसाच्या आत असं आभाळ असतं हे सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. मग डॉक्टर म्हणाले, "मास्तर, क्षय आहे."

उर्सुला अठ्ठावीस वर्षांची. सेबेस्टियन, माझा मुलगा, बोटीवर. पुढच्या नाताळाआधी यायचा नाही. इनेझ चार वर्षांची.

डॉक्टरांनी बजावलेल्या गोष्टी: रोज सुई, पुड्या, अंडी, दूध. पोरीला आईच्या खोलीत पाऊल टाकू द्यायचं नाही. आणि घरातल्या सगळ्यांनी छातीचा फोटो काढून घ्यायचा. मॅग्डलीन शुक्रवारी मुंबईला जाईल. मी काही जात नाही. डॉक्टर माझ्याकडे दुसरीत होता, त्याला म्हटलं, बाबा रे, माझा हा खोकला तुझ्याच वर्गातला आहे, खडूचा. चौतीस वर्षं फळा पुसला त्याची ही पेन्शन. तो हसला. लाजाळू मुलगा, तेव्हाही होता.

१७ जानेवारी

घरात दोन दिवस भांडण. मॅग्डलीन माझी धाकटी बहीण, विधवा. माझी बायको रेजिना वारल्यापासून हे घर तिच्या हातात. तिचं म्हणणं, उर्सुलाला माहेरी अर्नाळ्याला पाठवा. "कोळ्यांच्या घरातून आणलीत, तिथूनच रोग घेऊन आली. सुकटीच्या धुरात वाढलेली पोर, तिची छाती काय असणार?" उर्सुला दाराआडून ऐकत होती.

सेबेस्टियनला बोटीवर तार केली होती, तिचं उत्तर आलं. 'बाबा ठरवतील ते.' म्हणजे माझ्यावरच आलं.

मी ठरवलं ते असं: उर्सुला जाणार नाही. मागची भाताची खोली रिकामी करून तिला द्यायची. दाराला जाड पडदा. इनेझने माझ्या खाटेवर झोपायचं. मॅग्डलीनला घोरण्याची सवय, पोर तिच्याजवळ झोपत नाही. माझ्याजवळ मात्र कवितेच्या दोन ओळी कानात पडल्या की डोळे मिटते.

२ फेब्रुवारी

देवळातल्या फादरांच्या वाचनालयात एक अमेरिकन मासिक सापडलं, सात-आठ वर्षं जुनं, मुखपृष्ठ फाटलेलं. आत शाळेचा फोटो, म्हणून थांबलो. शाळा दिसली की अजून थांबतो. वर्गाच्या छताजवळ काचेच्या नळ्या लावलेल्या आणि खाली गोऱ्या पोरी पुस्तकं उघडून बसलेल्या. त्या नळ्यांतून जांभळ्याच्या पलीकडचा प्रकाश निघतो. डोळ्यांना तो जवळपास दिसत नाही, पण हवेतले जंतू त्याने मरतात. ज्या वर्गांत नळ्या होत्या तिथे गोवर कमी झाला. क्षयाच्या वॉर्डांतही लावून पाहत आहेत म्हणे.

एक परिच्छेद उतरवून घेतला. माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, गातो, तेव्हा तोंडातून ओलाव्याचे फार बारीक कण निघतात. ते वाळतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. दुसरा माणूस ते श्वासातून घेतो. 'गातो' या शब्दाखाली मासिकवाल्यांनीच रेघ मारली होती की कुण्या वाचकाने, कळेना.

इंद्रधनुष्य शिकवताना मी जांभळ्यावर थांबत असे. एकदा एका पोराने विचारलं होतं, मास्तर, त्याच्यापुढे काय? मी म्हटलं होतं, पुढे आभाळ. चुकीचं सांगितलं. पुढे हे होतं.

८ फेब्रुवारी

शत्रुघ्न येऊन गेला. गोखिवऱ्याचा, आता वायरमन, आमच्या आळीत वीज आली तेव्हा निम्म्या घरांची जोडणी त्यानेच केली. उतारा वाचून दाखवला. डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, भूगोलात तुम्ही मला दोनदा नापास केलंत. आता अमेरिकेहून माल आणायला सांगता." पण त्याला माहीत होतं. लढाई संपल्यावर अमेरिकन लष्कराच्या इस्पितळांचं सामान लिलावात निघालं, ते अजून मुंबईत डिस्पोजलच्या दुकानांत पडून आहे. बघतो म्हणाला.

मॅग्डलीनचा फोटो स्वच्छ आला. "माझी छाती बघा आणि तिची बघा," असं आता दिवसातून चारदा.

२१ फेब्रुवारी

नळी आली! हात-दीड हात लांब, काच पाण्यासारखी आरपार. शत्रुघ्नने ती भाताच्या खोलीत नेहमीच्या दिव्यासारखी मधोमध टांगली. संध्याकाळी बटण दाबलं. आधी थरथरली, मग फिकट निळी झाली. वीज चमकून गेल्यावर येतो तसा वास आला. खोलीत चांदणं उतरल्यासारखं वाटलं. भिंतीवर टांगलेली भाताची सुपं, उर्सुलाची साडी, पाण्याचा तांब्या, सगळं निळसर.

इनेझ पडद्याबाहेरून टाळ्या वाजवत होती. तिच्यासाठी तिथल्या तिथे जुळवलं:

निळ्या दिव्या, निळ्या दिव्या, रातभर जाग,
माझ्या आईच्या हवेला न्हाऊमाखू घाल.

'जाग'शी 'घाल' जुळत नाही, मला कळतं. तिला चाललं.

२३ फेब्रुवारी

उर्सुलाचे डोळे सुजले. दोन रात्री नळीखाली शिवत बसली होती. पहाटे उठली ती ओरडतच, डोळ्यांत वाळू घातलीय म्हणून. चेहरा भाजल्यासारखा लाल. डॉक्टरांनी थेंब दिले, दोन दिवस पट्टी बांधा म्हणाले, आणि मला म्हणाले की मास्तर, ते मासिक नीट वाचा.

वाचलं. नळी उघडी ठेवायचीच नसते. डोक्याच्या वर, भिंतीला, आणि खाली आडोसा, म्हणजे प्रकाश फक्त छताकडे जाईल. गरम हवा वर चढते, तिथे न्हाते, खाली येते. हे सगळं त्याच पानावर होतं. मी चांदण्यात अडकलो.

पट्टी बांधलेल्या सुनेची क्षमा मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाबा. तुम्ही माझ्यासाटीच केलं."

१ मार्च

शत्रुघ्नने घासलेटचा डबा कापून पन्हळ केली, नळी तिच्यात बसवली आणि साडेसात फुटांवर भिंतीला ठोकली. आता खालून फक्त छतावर एक निळा पट्टा दिसतो. मी शिडीवर चढून पाहून आलो. उतरल्यावर दम लागला, बराच वेळ. शत्रुघ्न म्हणाला, मास्तर, तुमचंच अंग उतरलंय. उपवासकाळ आहे रे, म्हटलं.

१९ मार्च

आज जरा कठोर व्हावं लागलं. संध्याकाळी आम्ही माळ म्हणतो तेव्हा उर्सुला पडद्याआड गुडघे टेकते आणि आमच्याबरोबर म्हणते. शेवटच्या गीताला तिचा आवाज वर चढतो. अर्नाळ्याच्या बायकांचा आवाज, वाऱ्यावर होडी हाकारायला घडवलेला. इनेझ पडद्याला कान लावून उभी राहते.

मला तो उतारा आठवला. उर्सुलाला सांगितलं, आजपासून गाऊ नकोस. जप मनातल्या मनात कर. नळी आत आहे, पण पडद्यातून हवा येते. ती बरं म्हणाली. मॅग्डलीन पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाली.

इनेझ खाटेवर आली तेव्हा रडवेली होती. तिला कुशीत घेतलं. मॅग्डलीन तिन्हीसांजेला खिडक्या लावते, वारा बाधतो म्हणून, त्यामुळे खोलीत आमच्या दोघांचेच आवाज. पावसाची कविता, मुंगीची कविता, मग निळ्या दिव्याची. मी ओळ तिच्या कानात सांगायची, तिने माझ्या कानात परत करायची. मध्ये मला उबळ आली की ती पाठीवर इवल्या हाताने थोपटते. अगदी रेजिनासारखी.

५ एप्रिल, ईस्टर

लग्नातला कोट घालून मिस्सेला गेलो. खांद्यावरून घसरत होता. फादर म्हणाले, मास्तर, कोट वाढला की काय. सगळे हसले, मीही.

कोट आणि ईस्टर, दोन्हींमुळे रेजिनाची आठवण. शेवटच्या वर्षी तिचंही असंच, चोळ्या सैल होत गेल्या. संध्याकाळी कणकण, रात्री घाम. सत्तेचाळीस सालचे दिवस, सगळीकडे धामधूम, औषध धड मिळेना. हिवतापच म्हणाले सगळे.

हल्ली मलाही रात्री घाम येतो. एप्रिल आहे.

१२ मे

आनंदाची बातमी. उर्सुलाच्या थुंकीत आता काही सापडत नाही. वजनही चढलं. डॉक्टर म्हणाले, सुयांचा गुण. असेल, पण नळीचा काहीच नाही असं कसं?

उर्सुलाने प्रथमच काही मागितलं. पडदा बाजूला करून उंबऱ्याच्या आत उभी राहिली. म्हणाली, "बाबा, आता पोरीला माझ्याजवळ झोपू द्या ना. मी तोंडाला फडका बांधीन."

मॅग्डलीन स्वयंपाकघरातून ओरडली. मी दोघींमध्ये. म्हटलं, उर्सुला, आणखी चार महिने थांबू. पावसाळा जाऊ दे. इतकं केलं ते एका रात्रीत वाया नको. माझ्याजवळ ती सुरक्षित आहे.

तिने पडदा सोडला. तिला वाईट वाटलं, दिसलं. पण सावधपणाला दया आली की घोटाळा होतो, हे मी परीक्षांच्या खोलीत शिकलोय.

३ जुलै

इनेझची कुरकुर. जेवत नाही, खेळत नाही, दुपारी आंब्याखाली बसल्या बसल्या झोपते. मॅग्डलीन म्हणते जंत. एरंडेल दिलं.

कवितेची दुसरी ओळ विसरली. ती कधी विसरत नाही.

९ जुलै

दोन दिवस वांत्या. डोकं दुखतं म्हणून रडते, उजेड नको म्हणते. आज सकाळी तिला उचलली तर मान वाकेना. लाकडासारखी. डॉक्टर व्हिक्टर सायकल टाकून धावत आले.

त्यांनी तिला पाहिलं, पाय दुमडून पाहिला, मान पाहिली. मग हात धुतले आणि मला ओटीवर बोलावलं. मेंदूच्या पडद्याला सूज आहे, क्षयाचीच वाटते, आजच मुंबईला न्यायची. 

"मास्तर," ते म्हणाले, "पोर कुणाजवळ झोपते?"

"माझ्याजवळ. सहा महिने पडद्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. शपथेवर सांगतो."

"आणि तुमचा खोकला किती दिवसांचा?"

"कोणता? तो खडूचा. तुला सांगितला होता."

त्यांनी पिशवीतून रुंद तोंडाची बाटली काढून माझ्या हातात दिली. "उद्या सकाळी उठल्याबरोबर. यात थुंका, बूच लावा आणि पाठवून द्या."

घरातली आजारी पोर मुंबईला चाललीय आणि हा माझी थुंकी मागतो. पण मुलगा शिस्तीचा आहे. सुटून जायला नको म्हणून मागितली असेल.

१० जुलै

मॅग्डलीन कालच संध्याकाळी पोरीला घेऊन गेली. उर्सुलाने जाण्याचा हट्ट धरला होता. मॅग्डलीन तिला म्हणाली, "तूच दिलंस तिला, आता पोचवायलाही येतेस?" शेजारचे उभे होते. मी उर्सुलाला म्हटलं, तू राहा.

बाटली पाठवली.

२० जुलै

कागद आला. इंग्रजीत, टाईप केलेला. नाव माझं. वय सहासष्ट. पुढे तीन फुल्या.

डॉक्टर व्हिक्टरनी दवाखान्याचं दार लावून घेतलं होतं. लाजाळू मुलगा खाली बघून बोलत होता. तीन फुल्या म्हणजे फार. म्हणजे पुष्कळ वर्षांचं. उर्सुलाला बहुधा माझ्याकडूनच. इनेझलाही. फोटो काढला असता तर जानेवारीतच दिसलं असतं, मीच आग्रह धरायला हवा होता, असं तो म्हणाला. स्वतःवर घेत होता.

"नळी चुकीच्या खोलीत लागली, मास्तर."

मग विचारलं, घरी तुम्ही सांगता की मी सांगू? मी सांगतो, म्हटलं. बाजूला झोपा, बाहेर, उघड्यावर; ताट वेगळं; तोंडावर रुमाल. रोज सुईला या. सून आता स्वच्छ आहे, तिला पोरीपाशी जाऊ द्या, तिची गरज आहे तिथे.

हो, हो म्हणालो. वर्गात पोरं म्हणतात तसं.

२१ जुलै

सांगितलं नाही. ओटीवर झोपलो, आत उकडतं म्हणून. सुईसाठी दवाखान्यात जातो ती गुडघ्यासाठी, असं मॅग्डलीनला सांगेन.

९ ऑगस्ट

रेजिना.

मागची पानं वाचली. ईस्टरचं पान. सगळं माझ्याच अक्षरात आहे. खोकला शेहेचाळीसच्या पावसाळ्यात लागला. त्या वर्षी खिडक्यांची तावदानं फुटली म्हणून वर्गाला फळ्या ठोकल्या होत्या. त्या बंद वर्गात मी कविता शिकवत होतो. मोठ्याने. सत्तेचाळीसच्या जूनपर्यंत, निवृत्त होईपर्यंत.

त्या वर्षीच्या वर्गातली मुलं बाकाप्रमाणे आठवून लिहायला बसलो. पहिला बाक: क्लेमेंट, फ्रेडरिक. क्लेमेंट मुंबईत गोदीत आहे. फ्रेडरिक एकोणपन्नास साली गेला, न्यूमोनियाने म्हणाले. दुसरा बाक लिहिला नाही.

३० ऑगस्ट

पोर जगेल. पाठीच्या कण्यातून सुया देतात, एका दिवसाआड. मॅग्डलीन रोज गाडीने जाऊन येते, सांगते की चार जणी धरतात आणि तरी ती आई, आई करते. मी इस्पितळात गेलो तर व्हरांड्यातूनच बघतो. गुडघ्याने जिना चढवत नाही, असं सांगितलंय.

उर्सुला रोज माझ्यासमोर येऊन विचारते, "आज मी जाऊ?" मॅग्डलीन नाही म्हणते आणि मी गप्प बसतो. रोज ठरवतो की आज सांगायचं. मग माणिकपूरच्या रस्त्याने चालताना कुणीतरी 'मास्तर, नमस्कार' म्हणतं आणि हातातून निघून जातं. या गावात माझ्याजवळ तेवढंच आहे.

हे लिहिलं ते वाचून लाज वाटते. खोडत नाही.

१४ सप्टेंबर

व्हरांड्यातून तिला हाक मारली. तिची पाठ माझ्याकडे होती. पुन्हा मारली. शेजारच्या खाटेवरची बाई वळली, नर्स वळली. इनेझ चादरीचा दोरा ओढत राहिली.

नर्सला विचारलं. सुयांनी होतं असं, म्हणाली. जीव वाचला, कान गेले. दोन्ही. परत येत नाहीत.

१८ ऑक्टोबर

इनेझ घरी आली. चालताना भिंत धरते. फार मोठ्याने बोलते, स्वतःचंच ऐकू येत नाही म्हणून. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावते आणि ओठांवरून थोडंथोडं ओळखते.

आल्या आल्या पडद्याकडे गेली. मॅग्डलीनने दंड धरून मागे ओढली. पडद्याआडून उर्सुलाचा हात बाहेर आला होता, तो तसाच राहिला.

मी ओटीवर होतो, दहा पावलांवर.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

संध्याकाळी सगळे कबरस्तानात. रेजिनाच्या थडग्यावर मेणबत्त्या लावल्या. उर्सुला लांब, भिंतीशी उभी. आळीतल्या बायका आल्या, इनेझला पाहून हळहळल्या. मॅग्डलीन त्यांना सांगू लागली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की अर्नाळ्याचा पाय घरात पडला आणि घर बसलं. आधी माझी वहिनी गेली, मग पोरीचे कान.

आधी माझी वहिनी गेली. रेजिना गेली ती डिसेंबर सत्तेचाळीसमध्ये. उर्सुला या घरात आली अठ्ठेचाळीसच्या फेब्रुवारीत. रेजिना गेल्याची तारीख त्या दगडावर कोरलेली आहे, बायका तिच्यावरच मेणबत्त्या लावत होत्या. कुणी वाचली नाही. उर्सुलाने वाचली. तिने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पदर सारखा करून एकटीच फाटकाबाहेर गेली.

घरी येऊन तिच्या पडद्याबाहेर उभा राहिलो. तोंडावर रुमाल होता. तिला कागद दिला. इंग्रजी आहे म्हणाली. मी वाचून दाखवला आणि अर्थ सांगितला. रेजिनाचं सांगितलं, तिचं स्वतःचं सांगितलं, इनेझचं सांगितलं.

 छतावर तो निळा पट्टा होता.

"कागद कदी आला?"

"वीस जुलैला."

तिने बोटांवर मोजलं. महिने मोजले, मग पुन्हा पहिल्यापासून मोजले. रोगाबद्दल काहीच म्हणाली नाही. मी सगळी तयारी केली होती ती रोगाची.

"तवा तिला ऐकू येत होतं," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मी रोज इचारलं तुम्हाला, जाऊ का. तुम्हाला ठावं होतं माझ्यात काय नाय. आई आई करत होती ती, आन् तुम्ही मला इथं ठेवलं. तिनं माझा आवाज शेवटचा ऐकला तो ह्या दाराआडून. गानं पन नव्हं. तुम्ही बंद केलेलं."

मी म्हटलं, उर्सुला, मला भीती वाटली. कशाची, ते सांगता आलं नाही. तिने विचारलंही नाही. पडदा दांडीवरून उपसून काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. मग सरळ आत गेली, मॅग्डलीनच्या खाटेवरून इनेझला उचलली. मॅग्डलीन उठली, काही बोलणार होती. मी तिला म्हटलं, बस खाली, तुला काही सांगायचंय.

३ नोव्हेंबर

मॅग्डलीनने रात्रभर चूल विझू दिली नाही, माझी भांडी उकळत बसली. माझ्याशी बोलत नाही. उर्सुलाशीही बोलता येत नाही तिला.

फादरना सांगून आलो. फ्रेडरिकच्या आईकडेही जायचं होतं. तिच्या कुंपणापर्यंत गेलो. ती केळी झाकत होती. परत आलो. उद्या जाईन असं लिहीत नाही, असं लिहिण्याची मला सवय लागली आहे.

७ नोव्हेंबर

उर्सुला इनेझला घेऊन अर्नाळ्याला जाते आहे. सेबेस्टियनला पत्र तिनेच लिहिलं, मला दाखवलं नाही. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, मोकळी हवा आहे. तिचा भाऊ मायकल बैलगाडी घेऊन येईल.

मी भाताच्या खोलीत राहायला आलो. शत्रुघ्न नळी पुसून, तारा तपासून गेला. नेहमी काही तरी थट्टा करतो, आज केली नाही. जाताना म्हणाला, "मास्तर, हिचा जोर वर्षभर टिकतो म्हणतात. मग बदलावी लागेल." उर्सुला दारात उभी राहून ऐकत होती. तिने त्याला विचारलं, नवी कुठे मिळते. त्याने सांगितलं. तिने मॅग्डलीनला ते दुकान कागदावर लिहून ठेवायला लावलं. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

८ नोव्हेंबर

सकाळी गेल्या.

मी खिडकीशी होतो. खिडकी उघडी, तिन्हीसांजेलाही आता उघडीच असते. गाडी आंब्याखाली, चांगली पंचवीस पावलांवर. मायकलने बोचकी ठेवली, उर्सुला चढली. इनेझला वर घेताना ती वळली आणि मला पाहिलं. मोठ्याने, आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजोबा, काय?"

मी काही म्हटलं नव्हतं. तिला वाटलं मी म्हणतोय आणि तिला दिसत नाही. कारण तोंडावर रुमाल होता. ती गाडीच्या दांडीला धरून थांबली, माझ्या तोंडाकडे बघत. पुन्हा म्हणाली, "काय?"

डॉक्टरांनी सहा फूट सांगितलं आहे. पंचवीस पावलं म्हणजे त्याच्या दसपट. रुमाल खाली घेतला असता तरी चाललं असतं, हे मला त्या वेळीही कळत होतं. ती बघत होती, उर्सुलाही बघत होती, घाई करत नव्हती. मी रुमालाच्या आत बोललो, पुष्कळ बोललो. हात खाली आला नाही. मायकलने बैलांना हाकललं.